उपासाच्या चार गोळ्या

संपादकांचा फोन आला, तुमचे गाजलेले खटले लिहा म्हणून. मी म्हटलं, माझा एकही खटला गाजला नाही. गाजला असता तर माझा नंबर मिळवायला तुम्हाला इतक्या ठिकाणी विचारावं लागलं नसतं. ते म्हणाले, मग न गाजलेले लिहा, पानं तेवढीच लागतात. इतकं सरळ बोलणारा संपादक फार दिवसांनी भेटला, म्हणून लिहायला बसले. शिवाय सध्या मला दुसरं काम नाही. ऑफिस बंद केलं, काळा कोट बोहारणीला दिला आणि तिनंही तो दोनदा उलटसुलट करून मगच घेतला.

माझी वकिली जिल्हा ग्राहक मंचात झाली. ऑफिस शनिवार पेठेत, एका छापखान्याच्या वरच्या खोलीत. खाली लग्नपत्रिका छापल्या जायच्या आणि वर माझ्याकडे औषधानं फसवलेली माणसं यायची. पहिला असा दावा मी जिंकले, त्याची चार ओळींची बातमी आली आणि तेव्हापासून पुण्यात कुणाला खोटं औषध मिळालं की सांगणारे सांगायचे, त्या शनिवारातल्या बाईंकडे जा. डोकेदुखीच्या गोळीनं डोकं दुखायचं थांबलं नाही म्हणूनही लोक यायचे. एक निवृत्त गृहस्थ खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आले. त्यांचं म्हणणं, हे पूर्वीइतकं कडू लागत नाही, त्या अर्थी नकली आहे. ती बाटली तपासून घ्यायला लावली. औषध अस्सल निघालं. तर म्हणाले, "म्हणजे माझी जीभ नकली का?" मी म्हटलं, "उत्पादकाचं नाव सांगा, नोटीस पाठवते." ते रागावून गेले ते छत्री विसरूनच. ती न्यायलासुद्धा आले नाहीत.

पण खरोखर फसलेला माणूस जिना चढून यायचा तो एकटाच. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. जमिनीच्या दाव्याला भाऊ, पुतणे, साडू, सगळं लटांबर येतं. खोट्या औषधाच्या दाव्याला कुणी बरोबर येत नाही. कारण औषध लागू पडलं नाही की घरातली माणसं औषधाला बोल लावतच नाहीत, रोग्याला लावतात. पथ्य पाळलं नसेल. वेळेवर घेतलं नसेल. डॉक्टरही तेच म्हणतो. तो रोगी बिचारा आपल्यालाच खोटं समजायला लागलेला असतो आणि त्याच वेळी त्याला कळतं की खोटी ती गोळी होती. मग तो घरी न सांगता माझ्याकडे येतो. मीही त्या खोलीत एकटीच असायचे. कारकून ठेवण्याइतकी माझी वकिली कधी चालली नाही.

ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वाईट औषध वेगळं आणि खोटं वेगळं. वाईट म्हणजे कंपनी खरी, माल बिघडलेला. खोटं म्हणजे डबा, नाव, रंग, अक्षरं सगळी एका चांगल्या कंपनीची आणि आत खडूची भुकटी. आता भरपाई मागायची कुणाकडे? दुकानदार म्हणतो, मला घाऊकवाल्यानं दिलं. घाऊकवाला म्हणतो, मला अमक्यानं दिलं, आणि तो अमका गाशा गुंडाळून कधीच पसार झालेला असतो. ज्या कंपनीचं नाव डब्यावर आहे ती म्हणते, हे आमचं नव्हेच, आमचंही नुकसान झालंय. तेही खरंच असतं. म्हणजे ज्यानं ते बनवलं त्याला पत्ता नाही आणि ज्याला पत्ता आहे त्यानं ते बनवलेलं नाही. शेवटी दुकानदाराला धरायचं. बिलाशिवाय स्वस्तात माल घेतलास, तेव्हा तुला शंका यायला हवी होती, एवढाच मुद्दा हातात असतो. त्याच्यावरच मी आयुष्य काढलं.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात. औषध घेतल्याची पावती, पट्टीचं ते टोक जिथं बॅच नंबर छापलेला असतो, आणि उरलेलं औषध. पावती पुणेकर मागत नाही असं नाही, मागतो आणि तिच्या मागं वाण्याची यादी लिहितो. टोक दुकानदाराच्या कात्रीत जातं. पण सगळं अडतं ते तिसऱ्या गोष्टीवर. उरलेलं औषध मंचासमोर सीलबंद करून सरकारी प्रयोगशाळेत पाठवायचं, तिथून ते खोटं असल्याचा अहवाल यायचा, तेव्हा पुढचं बोलणं. आणि ज्यानं इमानेइतबारे औषध घेतलं त्याच्याकडे काही उरतच नाही. चुकारपणा करणाऱ्याच्या कपाटात मात्र अर्धी बाटली शिल्लक असते. मी कायद्यावर पोट भरलं, म्हणून त्याला नावं ठेवणं बरं नाही. पण ही गोष्ट मला कधीच पटली नाही.

खराडीचे एक शेतकरी आले होते. तेव्हा खराडीत काचेच्या इमारती नव्हत्या, ज्वारी होती. बाळंतपणानंतर बायको ताप येऊन गेली. इंजेक्शनं खोटी होती हे पुढं छाप्यात उघड झालं. मी विचारलं, एखादी बाटली उरली असेल ना? ते म्हणाले, "बाटल्या काय, लुगडी काय, तिचं समदं तिच्यासंगं पाण्यात सोडलं बाई. रीतच हाय तशी." मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले. तो दावा दाखलच झाला नाही.

आता जिच्यासाठी हे लिहायला घेतलं तिच्याविषयी. तिला वैशाली म्हणते, खरं नाव सांगत नाही. बालवाडीत शिकवायची. तिशीची असेल. कॉलेजात असताना तिला फिट यायच्या, पण गोळ्या सुरू झाल्या आणि फिट थांबल्या त्या थांबल्याच. लग्न झालं, ते सगळं सांगून सवरून झालं. मुलगी झाली, मुक्ता. सकाळी दोन गोळ्या, रात्री दोन, की बाकी ती तुमच्या-आमच्यासारखी. मग एका गणपतीत, गौरी यायच्या आदल्या दिवशी, मुलीचा हात धरून ती स्वारगेटला रस्ता ओलांडत होती आणि तिला फिट आली. ती पडली ती मुलीला घेऊनच. मुलीचा हात तिच्या अंगाखाली सापडून कोपरात मोडला. मुक्ता तेव्हा चार वर्षांची होती. हात बसवला, पण तो पुन्हा सरळ झाला नाही.

रुग्णालयात वैशालीचं रक्त तपासलं तर त्यात औषधाचा मागमूस नव्हता. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, रुग्णानं बरेच दिवस औषध बंद केलेलं दिसतं. झालं. नवऱ्यानं एकदाच विचारलं, "घेतेय म्हणून सांगत होतीस ना?" ती म्हणाली, "घेत होते, एकही चुकवली नाही." सासूबाई म्हणाल्या, तू काही दिवस माहेरी जा, मुक्ताला आम्ही बघतो. ते काही दिवस संपेनात. बालवाडीनंही तिला कळवलं, की मुलांच्या जबाबदारीचा प्रश्न आहे. एका कागदानं तिची पोरगी गेली आणि दुसऱ्यांची पोरंही गेली.

वर्ष उलटल्यावर पेपरात आलं, की स्वारगेटच्या पलीकडच्या एका औषध दुकानाला सील लागलं, माल नकली होता. दुकान तेच, जिथून ती गोळ्या घ्यायची. ती बातमी कापून घेऊन माझ्याकडे आली. मी पावती मागितली, ती निघाली. बालवाडीतली बाई, व्यवस्थित. गोळ्या मागितल्या, तर म्हणाली, "नाहीत. सगळ्या घेतल्या मी." मी तिला माझं नेहमीचं रडगाणं ऐकवलं. छाप्यात कुठल्या बॅचच्या गोळ्या सापडल्या आणि तुला कुठल्या मिळाल्या हे जुळवायला काहीतरी हवं. ती म्हणाली, "मला पैसे नकोत मॅडम. कुणीतरी लिहून द्या की मी गोळ्या घेत होते. ते घेऊन मी मुक्ताला आणायला जाईन." मी म्हटलं, मंच भरपाई देतो, चांगल्या वर्तणुकीचा दाखला देत नाही. माझ्या बोलण्याची ही खोड आहे. ती उठली आणि नमस्कार करून गेली. मला वाटलं, ही पुन्हा येत नाही.

महिन्याभरानं आली. पर्समधून कुंकवाचा एक स्टीलचा डबा काढला आणि माझ्या टेबलावर उघडला. आत कापसाची वस्त्रं, हळकुंडं आणि खाली कात्रीनं नीट कापलेला पट्टीचा तुकडा. चार गोळ्या, टोकासकट. बॅच नंबर ठळक वाचता येत होता.

मी विचारलं, "या कुठून आल्या?"

तिनं हळकुंडं बोटानं बाजूला सारली. मग म्हणाली, "हरतालिकेच्या."

हरतालिकेचा उपास तिची आई निर्जळी करायची, तशी तीही करायची. पाणी नाही म्हणजे गोळी नाही. सासूबाई मुळीच कडक नव्हत्या. त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच बजावलं होतं, तू नुसती पूजा कर, फळं खा, औषध चुकवायचं नाही. ही हो म्हणाली आणि सगळ्यांच्या चोरून निर्जळी धरत राहिली. नवऱ्याला उदंड आयुष्य मिळावं, आणि आपल्यासारखी आजारी बायको त्यानं पत्करली त्याचं काहीतरी आपण करावं, असं तिच्या मनात होतं. त्या दिवसाच्या चार गोळ्या ती आधीच कापून कुंकवाच्या डब्यात ठेवायची, कारण औषध फेकणं तिला बरं वाटायचं नाही. मग पट्टी संपली की त्याही घ्यायची. दरवर्षी असंच चाले, आणि दरवर्षी काही व्हायचं नाही. त्या वर्षी गोळ्या परत घ्यायची पाळीच आली नाही. चार दिवसांत ती स्वारगेटला पडली.

मला तिचा इतका राग आला की काय सांगू. देवाला गोळ्यांचा उपास लागतो हे कुठल्या पोथीत वाचलंस, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. पण तिच्याकडे बघून ते गिळलं. ती म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलं, एकही चुकवली नाही. डॉक्टरांना, यांना, तुम्हालासुद्धा. आता हे बाहेर काढलं तर मी खोटी ठरते. नाही काढलं तर दावाच नाही. काय करू?"

मी तिला वकिलासारखं समजावलं. एका दिवसाच्या खंडानं रक्तातलं औषध नाहीसं होत नाही, हे तुझा डॉक्टरच शपथेवर सांगेल. गोळ्यांत औषध नसेल, तर घेतल्या काय आणि न घेतल्या काय, सारखंच. मंचाला हे कळेल. ती म्हणाली, "आणि घरी?" मी म्हटलं, "घरच्यांचं मला सांगता येत नाही." ती डब्याकडे बघत बसली. खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं, त्यानं टेबल थरथरत होतं आणि डब्याचं झाकण वाजत होतं. मग तिनं तो तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला आणि डबा बंद केला.

दावा चालला तो आपल्याकडे चालतो तसाच. सदस्य नाहीत म्हणून तारीख, अहवाल नाही म्हणून तारीख. वैशाली प्रत्येक तारखेला यायची आणि भिंतीकडच्या बाकावर बसायची. बरोबर कधीच कुणी नसायचं. तिची आई थकली होती आणि भावाला लाज वाटत होती. मी दुसऱ्या कामात असले की ती बसूनच राहायची, माझा निरोप घेतल्याशिवाय जायची नाही. कधी मी डब्यातली पोळी तिला द्यायचे. आम्ही दोघी न बोलता जेवायचो. मला त्या जेवणाची सवय लागली होती, हे दावा संपल्यावर कळलं.

अहवाल आला. गोळ्यांत औषध नाही, नुसता खडू आणि पीठ. दुकानदाराचे वकील हुशार. त्यांनी दोन मुद्दे काढले. एक, बाईंनी गोळ्या चुकवल्याचं त्याच कबूल करतात. दोन, तपासणीपर्यंत गोळ्यांची छापील मुदत उलटून गेली होती, तेव्हा औषध कालांतरानं उतरलं असणार. मंचातल्या बाई सदस्य त्या दिवसापर्यंत फारसं बोलल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "वकीलसाहेब, खडू किती वर्षांत उतरतो?" मला हसू आवरेना. मागं वळून बघितलं तर वैशालीही हसत होती. तिला हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

डॉक्टर आले, त्यांनी रक्ताचं नीट सांगितलं आणि आपलं आधीचं मत चुकलं असंही म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस. निकाल आमच्या बाजूनं लागला. दुकानदारानं भरपाई द्यावी. त्याखाली मी ज्याच्यासाठी भांडले ते वाक्यही होतं, की एक दिवस औषध न घेण्याचा आणि आलेल्या फिटचा संबंध नाही. मी तिला ते वाक्य बोटानं दाखवलं. तिनं ते तिथंच उभ्यानं वाचलं, परत वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही याल माझ्याबरोबर?"

अशिलाच्या घरी जाऊ नये हा माझा नियम. पण तिच्याबरोबर जायला दुसरं कोण होतं? आम्ही रिक्षानं गेलो. आधी कळवलं होतं, त्यामुळे नवरा घरीच होता. सासूबाईंनी दार उघडलं, "या, बसा," म्हणाल्या, पाणी दिलं. त्यांचं वागणं इतकं सभ्य होतं की मला भांडायला जागाच मिळेना. नवऱ्यानं निकाल सगळा वाचला. हरतालिकेचा मजकूर आला तिथं तो थांबला असावा, कारण पान बराच वेळ उलटलं नाही. मग त्यानं विचारलं, "ही कॉपी आम्ही ठेवायची का?" बस्स, एवढंच. सासूबाईंनी त्याच्या हातून कागद घेतला नाही. त्या वैशालीला म्हणाल्या, "गोळ्या खोट्या होत्या. मान्य. आम्ही तुला उगाच बोललो, त्याचं मला वाईट वाटतं. पण तू त्या डब्यात ठेवल्यास तेव्हा तुला त्या खऱ्याच वाटत होत्या ना?"

सासूबाई मंचात असत्या तर मी हरकत घेतली असती. वैशालीनं मान खाली घातली आणि म्हणाली, "हो."

मग आतून मुक्ता आली. शाळेचा गणवेश, दोन वेण्या. चार वर्षांची होती ती आता मोठी झाली होती. कोर्टाच्या तारखांवर मुलं वाढतात हे मला माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते पहिल्यांदा. डावा हात कोपरात किंचित वाकडा. आईला पाहून ती धावली नाही. थोड्या अंतरावर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आई, गोळी घेतलीस का?"

"घेतली," वैशाली म्हणाली.

"दाखव."

वैशालीनं पर्स उघडून पट्टी काढली आणि सकाळच्या दोन रिकाम्या जागा तिच्यापुढं धरल्या. मुलीनं त्या वाकून बघितल्या, आणि मग जवळ येऊन तिचा हात धरला. चांगल्या हातानं. सासूबाई म्हणाल्या, रविवारी न्यायला हरकत नाही, संध्याकाळी आणून सोड. एवढ्या वर्षांनी पदरात पडले ते रविवार.

परतताना रिक्षात मी फणफणत होते. पोरीला काय शिकवून ठेवलंय, आईला पोलिसासारखं विचारते, तू आज रविवार घेतलेस पण पुढं कौटुंबिक न्यायालयात आपण बघू, असं बरंच बोलले. वैशाली बाहेर बघत होती. म्हणाली, "जाऊ दे मॅडम. विचारते तरी."

मी शनिवारात उतरले, ती तशीच पुढं गेली. कौटुंबिक न्यायालयात जायचं तिनं कधी मनावर घेतलं नाही आणि मलाही पुन्हा भेटली नाही. मला आता रक्तदाबाची गोळी आहे, रोज सकाळी एक. चहाच्या आधी घेते. विसरले तर दुपारी आपलं आपल्यालाच आठवतं. घेतलीस का, म्हणून विचारणारं घरात कुणी नाही.